नकाशातलं गारतळं

९ फेब्रुवारी १९५४, मंगळवार
वही मिळाली. ओव्हरसियर साहेबांनी दिली (नाव लांब पडतं, पुढं ओ.सा. लिहीन). मोजणीची वही आहे, पहिली सहा पानं चहानं भिजलेली म्हणून बाद. चहा त्यांनीच सांडला होता, पण ते माझ्या जोडीदारावर, इमामवर गेलं. म्हणाले, रोज थोडं लिहीत जा. अक्षर सुधारलं तर जूनमध्ये मोठ्या साहेबांना सांगून कायम करतो, मोजणीची साखळी सोडवून कागदकामावर घेतो. मी म्हणलं, माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही बीडकडची, निजामाची, उर्दू. मराठी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो.
"पाट्यांत चुका असतात. जपून."
वहीचे नियम: पानांवर आकडे छापलेत, पान फाडायचं नाही. खोडायचं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.
आजच्या पानावर चार रेघा.

११ फेब्रु.
काम काय ते लिहून ठेवतो. पिंपरीत मोठा कारखाना होतोय. त्याच्या कामगारांच्या चाळींसाठी कंपनीला जमीन पाहिजे. म्हणून भोसरीच्या पुढं, नाशिक रस्त्यापासून मैलभर आत, निंबोळवाडीच्या शिवारात आमचे तंबू. मी साखळीचं एक टोक धरतो, दुसरं इमाम. तो चाकणचा. बापाचं सायकलींचं दुकान आहे, पण ह्याला दुकानात बसवत नाही. माझ्यासारखाच. मी तीन वर्षांत कुर्डुवाडीला हमाली, दौंडला रेल्वेची गँग, पुण्यात गवंड्याच्या हाताखाली. चार महिन्यांवर कुठं टिकलो नाही. इथं दोन झाले.
इमाम विचारतो, "वहीत माझं काय लिहिलं का?" म्हणलं, लिहिलं. "चांगलं लिही भावा. आमच्या खानदानात कुणाचं लिहिलेलं नाही."

१४ फेब्रु., रवि.
सुट्टी. तळ्यावर कपडे धुतले. गारतळं म्हणतात. गावाच्या उगवतीला दोन टेकाडांच्या मधे खोलगट आहे, त्यात. बांध नाही, पायऱ्या नाहीत. पाटील म्हणतात, आमच्या पणज्यानं खोदलं. गुरव म्हणतो, देवाच्या घोड्याची टाच उमटली. इमामनं त्याच्या आज्याकडून ऐकलंय, पिरानं काठी मारली. तिघांना विचारलं, कधी? तिघंही म्हणाले, लई पूर्वी.
पाण्यात एक म्हातारा गळ्यापर्यंत बुडून उभा होता. सखाराम भोई, सगळे तात्या म्हणतात. पायाच्या बोटांनी चिखलातनं कमळाची मुळं उपटत होते. सून पारूवहिनी काठावर धुऊन जुड्या बांधत होती. विचारलं, तळं कुणी खोदलं?
"कोन खनतंय? हाय ते हायच."
मुळं पिंपरीच्या कॅम्पात जातात. तिथले, फाळणीत इकडं आलेले सिंधी त्यांची भाजी करतात. तात्या म्हणाले, "सा-सात वर्सं झाली, ही लोकं आली नि इचारलं, तळ्यात कमाळ हाय का? म्या म्हनलं हाय, न्या फुलं. म्हनली, फुलं नको, मुळं द्या. मला वाटलं, घरदार सुटलं, डोस्कं फिरलंय बिचाऱ्यांचं."
आता तात्यांचं घर त्याच मुळांवर चालतं. मासे आहेत, पण मासे चार महिने.

१८ फेब्रु.
तळं मोजलं. मी पट्टी घेऊन पाण्यात. पट्टी म्हणजे माणसाच्या दुप्पट उंच लाकूड, त्यावर फूट-इंचाचे आकडे. ओ.सा. काठावरनं दुर्बिणीतून वाचतात. मध्याला मला छातीएवढं, तात्यांना गळ्याएवढं पाणी. एका जागी पाय एकदम गार पडला, बर्फावर ठेवल्यासारखा. दचकलो, पट्टी हलली.
"अरे, झोप लागली का?"
तात्यांना सांगितलं तर हसले. "मधला झरा त्यो. असं तीन हाईत. मधला, पिपळाकडचा नि उगवतीचा. म्हनून तर गारतळं."

७ मार्च, रवि.
आईचं पत्र. पोस्टमास्तरानं उर्दूत लिहून दिलंय. विहीर यंदा माघातच तळाला गेली, पाणी दीड कोसावरनं. कुठं आहेस, किती दिवस आहेस. उत्तर धाडलं: पिंपरीजवळ आहे, इथं माणसं गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून कामं करतात. तिला खरं वाटायचं नाही.
इमामनं पत्र उलटंसुलटं करून बघितलं. "हिंदू असून उर्दू वाचतो राव. मला येत नाही, अब्बा रोज मारतात."

२२ मार्च
ओ.सा. तंबूत नकाशा रंगवत होते. शेत पिवळं, रस्ता तांबडा, पाणी निळं. शेजारी गावाचा जुना नकाशा, इंग्रजांच्या मोजणीचा. त्यात गारतळ्याची कड तुटक रेघेनं काढलेली. विचारलं, तुटक का?
"हंगामी. पावसाळ्यात भरतं, उन्हाळ्यात आटतं."
"पण हे आटत नाही."
"तू कधी आलास?"
"डिसेंबरात."
"मग?"
ते म्हणाले, बारमाही असेल तर निळं करायचं, भोवतीची पन्नास पावलं सोडून चाळी पाडायच्या. हंगामी असेल तर तो खळगा. टेकाडाचा मुरूम ओढून भरायचा, वर चाळी.
निळ्या शाईची बाटली उघडली, जरा विचार केला, परत बंद केली. तळ्याची जागा कोरी.

२४ मार्च
तात्यांना सांगून टाकलं. सांगायला नको होतं का, कळत नाही. ते जाळं शिवत होते. पारूवहिनी म्हणाली, "भाऊ, मुरूम टाकतील म्हंजी कुठवर?" म्हणलं, सपाट होईपर्यंत. तिनं जुडी बांधायची थांबवली नाही.
तात्यांनी एवढंच विचारलं, "तुटक म्हंजी कशी? दावा काढून." मातीत काढून दाखवली. बराच वेळ बघत होते.

४ एप्रिल, रवि.
तात्यांनी आज आपणहून बोलावलं. तुटक रेघेचं आठवलं म्हणाले. त्यांच्या आज्यानं सांगितलेलं.
दुष्काळाचं साल. भोसरी, मोशी, कुरुळी, सगळीकडची माणसं गाड्या जुंपून पाण्याला इथं यायची. गाड्यांची रांग पिंपळापासून ओढ्यापर्यंत. दिवसभर उपसा. संध्याकाळला पाणी म्हशीच्या गुडघ्याएवढं उरायचं, सकाळपर्यंत झिरपून वर यायचं, परत रांग. त्याच दिवसांत गोरा साखळी घेऊन आला. दिवस कलताना आला. बघितलं तर गुडघाभर. मारली तुटक रेघ.
"सात गावं जगवली त्या साली. म्हनून आटनारं ठरलं."

५ एप्रिल
ओ.सा.ना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हाताऱ्याची गोष्ट फाइलीला लागत नाही. मोठे साहेब म्हणतात, आहे ते पाणी पावसाचंच साठलेलं. जिवंत झरा दाखवा म्हणावं गावाला. मी निळं करतो."
मोठे साहेब एकदाच बघितलेत, जानेवारीत. टोपी डोक्यापेक्षा मोठी. कानांवर अडकते म्हणून खाली येत नाही.

१२ एप्रिल, सोम.
पिंपळाखाली गाव जमलं. पाटलांनी मला बोलायला लावलं. साहेबाचं म्हणणं सांगितलं: जिवंत झरा दाखवा. झरा पाण्याखाली, दाखवायचा कसा?
मग मी बोललो. आमच्याकडं विहिरीसकट शेत विकायचं तर पहिली विहीर उपसतात. घेणारा काठावर येऊन बसतो. तळ उघडा पडला की झरे दिसतात, धार बघतो, मगच व्यवहार. भरलेली विहीर बघून कुणी घेत नाही. भरलेली तर श्रावणात कुणाचीही असते.
पाटील म्हणाले, "गडी ब्येस बोलला."
तात्या म्हणाले, "तळं म्हंजी हीर न्हवं."
"मग तू सांग दुसरं," पाटील म्हणाले.
लहानपणी एकदा गाळ काढायला तळं उपसलेलं तात्यांनी बघितलंय. पाणी आपणहून परत आलं. किती दिवसांनी? "ध्यानात न्हाई. न्हानगा व्हतो. मासं ध्यानात हाईत."
ठरलं. साहेब यायच्या आधी उपसायचं.
चारचौघांत माझं कुणी ऐकलं, पहिल्यांदाच. जेवण गोड लागलं.

२५ एप्रिल, रवि.
ओ.सा. नकाशे घेऊन पुण्याला गेले. शनिवारी, ८ मेला, मोठ्या साहेबांना घेऊन येतो म्हणाले. तोवर आम्ही दगडी खुणांना चुना लावायचा. उपसायचं त्यांना सांगितलं नाही. म्हणलं, आल्यावर बघतीलच, खूश होतील. तंबू शांत. त्यांचं घोरणं बैलगाडी उताराला लागल्यासारखं असतं.

२७ एप्रिल
सुरुवात. पाणी उन्हानं कमी झालेलंच, मध्याला कमरेएवढं. खालच्या अंगाला ओढ्याकडं चर खणला, उरलेल्याला दोन मोटा. पाटलांचे बैल, पाटलांची मोट. दुसरी भोसरीहून आणली. मी आणि इमाम चुना लावून झाला की चरावर.
इमाम म्हणतो, "भावा, पाणी वाचवायला पाणी सोडून द्यायचं. तुमच्या बीडची अक्कल." मी म्हणलं, बघशील.

१ मे, शनि.
पाणी गुडघ्याखाली. मासेच मासे. वाटणी घराघराला, तात्यांच्या हातानं. मोठे मरळ मात्र तात्यांनी कुणाला दिले नाहीत. अकरा मरळ तीन रांजणांत टाकून घरी नेले. "बियानं हाय. पानी आलं की सोडायचं." पाटील चिडवत होते, "भोई, पावणे घरात ठिवले व्हय रं?" तात्या हसले नाहीत.
पारूवहिनीनं कमळाचे गड्डे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेत.

२ मे, रवि.
तळ उघडा. चर दगडमातीनं बुजवला, आता येईल ते पाणी आत राहील. चिखलात काय काय मिळालं: गाडीच्या चाकाची लोखंडी धाव, घोड्याचे नाल पाच, बंदुकीची पितळी टोपणं (गोरे बदकं मारायला यायचे म्हणे), एक तांब्या चेपलेला. धावेला तात्यांनी हात लावून बघितला, म्हणाले, "त्या सालची रांगंतली आसंल." काठावर नेऊन ठेवली.
झऱ्यांच्या जागा तात्यांनी पायानं शोधल्या. तिन्ही ठिकाणी पुरुषभर गाळ. खणायला लागलो. ओल आहे, धार नाही.

४ मे, मंगळ.
जसं झालं तसं लिहितो.
दहाच्या सुमाराला जीप. मोठे साहेब. चाकणला चालले होते, वाटेत म्हणून वळले. बरोबर ओ.सा. नाहीत, ड्रायव्हर फक्त. आम्ही सगळे तळ्यात, गुडघाभर चिखलात, खणतोय.
"तळं कुठाय ते?"
मी म्हणलं, "आपल्या समोर तेच, साहेब."
"आणि पाणी?"
पाटील पुढं झाले. "उपसलं साहेब. आपल्यासाठी."
"माझ्यासाठी?" ड्रायव्हरकडं बघून हसले. वाईट हसले नाहीत. खरंच हसू आलं त्यांना.
झऱ्याच्या जागा दाखवल्या. खाली जिवंत पाणी आहे, गाळ निघाला की येईल. "कधी?" म्हणलं, आज-उद्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. मग जीपमधनं कॅमेरा काढला. मला म्हणाले, "पट्टी घेऊन मध्ये उभा राहा. खोली कळेल."
फोटो म्हणल्यावर गाव पळालं. तोंडं धुऊन आले. पाटलांनी पटका मागवला. बायका लाजून कडेला, साहेब म्हणाले, या, सगळे या. कोण कुठं ते मीच लावलं. उंच मागं, ठेंगणे पुढं. तात्या मधल्या झऱ्याच्या जागेवर उभे राहिले, हलायला तयार नाहीत. म्हणाले, "साहेब, पाय गार हाईत बगा हितं." साहेब म्हणाले, "हं, हलू नका."
निघाला फोटो. सगळे हसतायत. जीप गेली.
गाव खूश. साहेबानं फोटो काढला म्हणजे काम झालं. मलाही तसंच वाटलं. खरं तेच लिहायचं तर मला तसंच वाटलं.
इमाम एकटा म्हणाला, "फोटोत पाणी कुठं होतं?"

५ मे
धार नाही. खणतोय.

६ मे, गुरु.
दुपारी मधला झरा सुटला. आधी चिखलाचा बुडबुडा, मग करंगळीएवढी धार, मग मनगटाएवढी. गार. तात्यांनी ओंजळ भरून तोंडाला लावली, गाळासकट. पारूवहिनी रडायला लागली. सगळ्यांनी पाय घालून बघितले.
दोन दिवस. साहेब दोन दिवस उशिरा आले असते तर.

८ मे, शनि.
ओ.सा. आले, एकटेच. साहेब येणार नाहीत, बघून झालं म्हणाले. तळ्याकडं बघितलं आणि तिथंच उभे राहिले.
"कुणाची कल्पना?"
म्हणलं, माझी. विहिरीचं सांगितलं.
"अरे, मी दाखवा म्हणालो होतो. उपसा म्हणालो नव्हतो."
"मग दाखवणार कसं होतो साहेब?"
त्यांनी हातातली छत्री मिटली, उघडली. म्हणाले, साहेबांनी शेरा मारला असणार. आता मी काय लिहू? माझ्या शब्दापुढं फोटो. फोटोत गार दिसत नाही.
मग जाताना, मागं न बघता: "पट्टी मध्यावर पक्की रोव. रोज सकाळी वाच. तारीख, आकडा, आणि पाऊस पडला का नाही. पावसाआधी चढलं तरच ते झऱ्याचं. मृग लागला की तुझ्या आकड्यांना अर्थ नाही."
पाणी ३ इंच. पाऊस नाही.

९ मे. पाणी ४ इं. पाऊस नाही.

१२ मे
७ इं. पाऊस नाही. पिंपळाकडचा झरा पण सुटला, बारीक. उगवतीचा गप्प.
पारूवहिनी कॅम्पातनं आली. तिथला एक म्हातारा सिंधी रोज वाट बघतो, भाजी का नाही? तिनं तळ्याचं सांगितलं. तो म्हणाला, आमच्या गावाला पण तळं होतं, बेटी. मग म्हणे बराच वेळ त्याच्या तळ्याचंच सांगत बसला, हिला अर्धं कळलं.

१६ मे. ११ इं. पाऊस नाही. ऊन फार. तात्या रांजणातलं पाणी रोज सकाळी बदलतात. एक मरळ मेला. दहा.

२० मे, गुरु.
१ फूट १ इं. पाऊस नाही.
पुण्याहून लिफाफा. फोटोची एक प्रत, मागं शेरा. ओ.सा.नी वाचून दाखवला: तळे कोरडे. तळाशी ग्रामस्थ उभे आहेत. भराव टाकण्यास योग्य.
फोटो चांगला आलाय. पाटलांचा पटका झकास. मी मधे पट्टी धरून, ताठ. इतका ताठ मी कधी उभा राहत नाही. तात्यांचे पाय चिखलात, घोट्यापर्यंत, बाकी काही नाही.
तात्यांना दाखवायला नेला. त्यांनी आधी फोटोतला स्वतःचा चेहरा बघितला, कधी बघितला नव्हता म्हणाले. मग विचारलं, "शेरा काय?" सांगितला. फोटो परत दिला. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलायला पाहिजे होतं.

२१ मे
बोचकं बांधलं. मुंबईला एक गाववाला गोदीत आहे. जावं. इथं कुणाच्या तोंडाकडं बघवत नाही. इमामला सांगितलं.
"जा की. तुझं तेच आहे." मग म्हणाला, "उद्या पट्टी कोण वाचणार? मला तर फूट नि इंच सारखेच दिसतात."
खोटं बोलतो. चांगलं वाचता येतं त्याला.

२२ मे
१ फूट २ इं. पाऊस नाही.
बोचकं तसंच आहे, बांधलेलं. उशाला घेतो.

२४ मे. १ फूट ३ इं. पाऊस नाही.

२५ मे. तेवढंच. पाऊस नाही.

२६ मे. तेवढंच. वारा फार, उन्हानं चढतं तेवढं उडतं बहुतेक. ओ.सा. म्हणाले, अडलं का? म्हणलं, उद्या बघू.

२७ मे, गुरु.
वळीव. दुपारी तीनला आला, पावणेचारला गेला. चाकणकडं जास्त, इथंही बऱ्यापैकी.
संध्याकाळी पट्टी बघितली. १ फूट ५ इं. एकदम दोन.
आता काय लिहू? पाऊस नाही लिहिलं तर कुणाला कळणार? चाकणला पडला, इथं नाही, असं रोजच होतं. तंबूत बसून अर्धा तास पेन्सिल चावली. इमाम म्हणाला, "लिही ना नाही म्हणून. तळं वाचेल."
आमच्याकडं विहीर उपसताना मालकानं वरनं एक घागर जरी पाण्याची ओतली तर घेणारा उठून जातो. आणि परत कुणी येत नाही.
लिहिलं: पाऊस पडला. पाऊण तास.

२८ मे. १ फूट ५ इं. पाऊस नाही.

३१ मे. १ फूट ६ इं. पाऊस नाही. तीन दिवस कोरडे गेले, तरी एक चढला. हा झऱ्याचा. कुणी काही म्हणो.

३ जून, गुरु.
१ फूट ७ इं. पाऊस नाही.
तात्यांनी मरळ सोडले. तिन्ही रांजण डोक्यावरनं आणले, मी एक धरला. एकेक मासा हातानं पाण्यात सोडत होते. मधे आणखी एक मेला, नऊ उरलेत. शेवटचा सोडून झाल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरा, गुडघ्याएवढं झालं ना?"
म्हणलं, झालं.
"गोऱ्याच्या साली बी येवढंच व्हतं."
बोलले एवढं बास.
पारूवहिनीनं गड्डे चिखलात रोवले. दोन कुजले, बाकी बरे.

७ जून, सोम.
१ फूट ९ इं. पाऊस नाही. आभाळ येतं, जातं.
ओ.सा. पुण्याहून आले. फाइल अजून साहेबांच्या वरच्या कचेरीत, हुकूम निघालेला नाही. गावाला काही म्हणायचं असेल तर ह्या आठवड्यात. त्यांनी अर्ज लिहिला, पाटलांची सही, तात्यांचा अंगठा. मग म्हणाले, आकडे कुठायत?
म्हणलं, वहीत. उतरवून देतो.
"उतरवलेलं चालत नाही. आज बसून महिन्याचे आकडे कुणीही लिहील. मूळ वही पाहिजे. म्हणून तर पानांना नंबर असतात."
म्हणलं, साहेब, त्यात बाकीचं पण आहे.
"काय बाकीचं?"
काय सांगू? म्हणलं, पानं फाडून तेवढीच देऊ?
"वाचून दाखवू का पहिल्या दिवशीचा नियम?"

८ जून
१ फूट ९ इं. पाऊस नाही.
ओ.सा.नी वही वाचायला घेतली, तंबूच्या दारात बसून पहिल्यापासून वाचली. मी दुरून बघत होतो. मधे एकदा हसले. एकदा चष्मा काढून माझ्याकडं बघितलं (घोरण्याचं असणार). चहाच्या पानाला काही बोलले नाहीत.
बोलावलं. २७ मेच्या ओळीवर बोट ठेवलं. "पाऊस पडला. हे कुणी लिहायला सांगितलं?"
"कुणी नाही."
"हीच ओळ वाचून ते बाकीच्या ओळी खऱ्या धरतील. धरल्या तर." मग थोड्या वेळानं, "जूनचं तुझं काम साहेबांच्याच सहीनं व्हायचंय. त्यांची टोपी, त्यांचा फोटो, सगळं ह्यात आहे. लक्षात आहे ना?"
म्हणलं, आहे.
"विचार कर. वही तुझी आहे, मी मागून घेत नाही. उद्यापर्यंत सांग."

९ जून
१ फूट १० इं. पाऊस नाही.
इमामला विचारलं. तो म्हणाला, "माझं चांगलं लिहिलंय ना? मग जाऊ दे." जरा वेळानं म्हणाला, "साहेब तुला काढेल भावा." म्हणलं, काढेल. "मग चाकणला ये. दुकानात दोघं बसू. दोघांनाही बसवत नाही, पण दोघं असलो तर बसवेल."
आईला पत्र धाडलं. कायमचं नक्की नाही एवढंच.
तात्यांना वहीचं सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील दे. किंवा म्हणतील नको देऊ. दोन्ही नको वाटलं.
बोचकं सोडलं. सदरा धुवायचा होता.

१० जून, गुरु.
सकाळी. मावळतीला आभाळ काळं. पाण्यात उतरून वाचलं. १ फूट १०, अर्धा जास्त. पाय मधल्या झऱ्यावर होता.
ओ.सा.ना म्हणलं, वही देतो. त्यांनी पाण्याच्या एकेका ओळीपुढं आपली सही केली, आद्याक्षरं फक्त, नकाशाच्या त्या निळ्या शाईनं. बाकीच्या मजकुराला हात लावला नाही. वळवाच्या ओळीपुढं पूर्ण नाव. म्हणाले, "माझी पण नोकरी आहे, म्हणून एवढंच." मी म्हणलं, साहेब, ते घोरण्याचं, चहाचं, माफ करा. "खरं आहे ते. राहू दे."
नकाशा गुंडाळताना बघितला. तळ्याची जागा कोरीच आहे.
वही कोण वाचेल माहीत नाही. वाचाल तर: विहिरीची रीत तळ्याला लावली, ती चूक माझी. गावाची नाही, तात्यांची तर नाहीच. माणसं फोटोत हसतायत ती मी सांगितलं म्हणून.
पारूवहिनी आत्ता सांगून गेली, कमळाला पान आलंय, पैशाएवढं, पाण्याखाली आहे अजून.
ओ.सा. वही पुण्याला नेणार, बस रस्त्याला दहाला येते. ओ.सा. हाक मारतायत.
लिहिणार किसन तुळशीराम, साखळीवाला. पानं ७ ते ६१. एकही फाडलेलं नाही. खोडलंय तिथं खालचं वाचता येतं.
साडेनऊ वाजले. पाऊस नाही.